तोड्याची बंदूक, सागवानाची

आमच्या मंडळाने गेल्या गणपतीत जिवंत देखाव्यासाठी लाल महालाचा प्रसंग घेतला. ५ एप्रिल १६६३ची रात्र, शाहिस्तेखान, बोटं, सगळं ठरलेलं. प्रश्न पहारेकऱ्यांच्या बंदुकांचा होता. भाड्याने मिळाल्या त्या पाहून मी कपाळावर हात मारला. रुंद दस्ता, वर ठोक्याचा घोडा, म्हणजे टोपीवर, दारू भरलेल्या धातूच्या इवल्याशा कॅपवर, आपटून बार काढणारी बंदूक. ती टोपी आली एकोणिसाव्या शतकात. दीडशे वर्षं आधीच खानाच्या हातात कशी येणार?

"मग तूच बनव," दिग्दर्शक म्हणाला. तो माझ्या शाळेतला मित्र, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

मी भोसरीला टूलरूममध्ये तीस वर्षं काढलीत. लोखंड माझ्या ओळखीचं. पण लोखंडी नळी घ्यायची नाही हे पहिल्याच दिवशी ठरवलं. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवता येत नाही, ठासणीचीसुद्धा. आणि नकली बंदूक खऱ्यात बदलायलाही परवानाच लागतो. तेव्हा सगळं लाकडी, नळी आतून भरीव, तोंडाला फक्त बोटभर खोल भोक. चौकीत विचारायला गेलो तेव्हा हीच गोष्ट तीनदा सांगावी लागली.

नमुना पाहायला बाजीराव रस्त्यावर केळकर संग्रहालयात दोन रविवार गेले. तोड्याच्या बंदुकीची गंमत तिथे काचेबाहेरून टिपली. दस्ता सरळ आणि चिंचोळा, छेद घेतला तर बहुधा पाचकोनी. मी आधी वहीत काढलेलं चित्र रायफलचं निघालं, ते फाडून टाकलं. नळी लाकडाला पट्ट्यांनी किंवा तारेने बांधलेली. घोडा दिसतोही थोडासाच: तो दस्त्याच्या खाचेत लपलेला असतो, चाप दाबला की पुढे झुकून जळता तोडा रंजकावर, म्हणजे नळीच्या कानाशी ठेवलेल्या चिमूटभर दारूवर, टेकवतो. ना चकमक, ना टोपी. तोडा म्हणजे सुती दोरी, सोऱ्यात भिजवून वाळवलेली, ती हळूहळू धुमसत राहते, एवढाच काय तो विस्तव.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून सागवान आणलं. आमच्या वाड्याशेजारचे सुतारकाका सोबत होते म्हणून बरं झालं. मी रंग बघत होतो, काकांनी फळीच्या टोकाकडे डोळा लावून पीळ बघितला आणि पहिल्या तीन फळ्या बाजूला सारल्या.

नळीसाठी चार फुटांचा तुकडा लेथवर लावावा असा माझा बेत होता. काका म्हणाले, "साहेब, एवढी लांब बारीक काठी फिरवलीत तर मधे झोका घेईल. रंध्याने करा." आधी चौकोनी, मग चार कडा मारून अष्टकोनी, पुन्हा आठ कडा मारून सोळा बाजू, मग कानस आणि पॉलिश पेपर. बुडाला जाड, तोंडाकडे निमुळती, तोंडाशी पुन्हा थोडा फुगवटा. सोळा बाजूंपर्यंत नळी हातात फिरवून बघितली की बोटाला प्रत्येक कड लागते; नंतर एका क्षणी काहीच लागत नाही. त्या दिवशी मी काकांच्या ओट्यावरून तासभर उठलोच नाही. काळ्या रंगावर ग्राफाइट घासलं, आणि पाच फुटांवरून लोखंडच दिसायला लागलं. पितळी पट्ट्या तांबट आळीतून मठारून आणल्या. त्या ठोक्यांमुळे नव्या पत्र्याचा चकचकीतपणा गेला.

फजिती झाली ती घोड्याची. चाप आणि घोडा एकाच खिळ्याभोवती डोलणाऱ्या दोन पितळी पट्ट्या, बस. टूलरूमच्या सवयीने मी खाच अगदी तंतोतंत ठेवली, पट्टी जेमतेम सरकेल इतकी. जुलैत घोडा तुपासारखा चालायचा. ऑगस्टमध्ये आठवडाभर झड लागली आणि घोडा आत रुतला तो रुतलाच. चाप दाबताना पट्टी वाकली. काका हसले. "लाकडाचा आषाढ वेगळा, दिवाळी वेगळी. तुम्ही त्याला एकच माप शिवलंत." मग पटाशीने दोन्हीकडून मिलिमीटरभर खाच रुंद केली, आत मेण चोळलं. तीस वर्षांच्या नोकरीत कोणी मला सैल बसव म्हणून सांगितलं नव्हतं.

चार बंदुका करायच्या होत्या. खरं सांगतो, घोडा हलणारी एकच झाली. बाकी तिघांचे घोडे खिळ्याने ठोकून टाकले, ते पहारेकरी मागच्या रांगेत.

तोड्याच्या टोकाला खोचायला मी उदबत्ती आणली होती, मंडपाच्या इलेक्ट्रिशियनने ती हातातून काढून घेतली. शेवटी लाल दिवा आला, मुगाच्या दाण्याएवढा.

त्या दिव्यावरूनच दिग्दर्शकाशी जुंपली. त्याला मावळे शिरताच पहारेकऱ्यांनी धडाधड बार काढायला हवे होते. मी म्हटलं, अरे, झोपलेल्या माणसाचा तोडा पेटलेला असेल कशाला? आधी तोडा पेटवा, फुंकर घालून निखारा फुलवा, रंजकाचं झाकण सारा, मग चाप. तेवढ्यात मावळा डोक्यावर येऊन उभा. दिग्दर्शक दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तालमीत त्याने स्वतःच बदल केला: पुढचा पहारेकरी दचकून उठतो, विझलेल्या तोड्याला फुंकर मारत राहतो, दिवा लागतो, आणि त्याच क्षणी त्याच्यावर झडप पडते. बारच होत नाही. दहाही दिवस प्रेक्षक त्या फुंकरीला हसत होते आणि पुढच्या क्षणी गप्प होत होते.

बंदूक आता माझ्याकडे माळ्यावर आहे. जानेवारीत नातवाला दाखवायला काढली, तर हवा कोरडी होऊन खाच इतकी सैल झालेली की घोडा आपोआप पुढे पडतोय. खडखड वाजते. काकांना सांगितलं तर म्हणाले, "पावसाळ्यापर्यंत हात लावू नका."