कॅमेरा कोणता, असं तुम्ही विचारलंत म्हणून

जलरंगाचे धडे घरी चित्रित करायला लागून मला चार वर्षं झाली. या काळात चित्रांबद्दल आले नसतील इतक्या वेळा एकच प्रश्न आला: "ताई, कॅमेरा कोणता वापरता? घरी सुरू करायचं तर काय काय घ्यावं लागेल?" दर वेळी दोन ओळींत उत्तर देते आणि दर वेळी ते अपुरं वाटतं. आज जरा बसून सांगते.

कॅमेरा म्हणून माझ्याकडे दोन फोन आहेत. एक रोजचा, दुसरा जुना. जुन्याची बॅटरी टिकत नाही, म्हणून तो चार्जरला लावूनच चालवते. हा दुसरा फोन का लागला, ते आधी सांगायला हवं, कारण बाकी सगळी मांडणी त्यावरून ठरली.

सुरुवातीला एकच फोन होता, कागदाच्या बरोबर वर. वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, दिला की मी म्हणायची, "आता दोन मिनिटं थांबा, मग दुसरा रंग सोडा." मे महिन्यात चंद्रपूरच्या एका बाईंनी कळवलं की दोन मिनिटांत त्यांचा कागद खडखडीत वाळतो. त्यांचं अगदी बरोबर होतं. आमच्या गिरगावातल्या दमट हवेत कागद जितका वेळ ओला राहतो, तितका विदर्भातल्या उन्हाळ्यात कसा राहील? आणि जुलैत तर माझ्याच घरी दोनाची पाच मिनिटं होतात. जलरंगात घड्याळाकडे बघून भागत नाही, कागदाची चमक बघावी लागते. वर पाणी असतं तोवर कागद आरशासारखा चकाकतो. हळूहळू ती चकाकी मंदावते, आणि ती विझायच्या बेतात असताना सोडलेला रंग मऊ कडांनी पसरतो. ती गेल्यावर पाण्याने भरलेला ब्रश टेकवलात, तर ते पाणी आधीच्या रंगाला ढकलत नेतं आणि फुलकोबीसारखी कड उमटते. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणाऱ्या माझ्या मुलांची आकाशं बहुतेक इथेच बिघडतात.

नेमकी हीच चमक वरच्या फोनला दिसत नव्हती. त्याचा उलगडा शिकवणीतल्या एका मुलीमुळे झाला. ती खिडकीकडे तोंड करून, गाल टेबलाला लागेल इतकी वाकून कागद बघायची. प्रकाश ज्या कोनात कागदावर पडतो त्याच कोनात पलीकडे परततो. डोळा त्या वाटेवर असला तरच चमक दिसते. मग मीही जुना फोन खिडकीसमोरच्या बाजूला, कागदापासून हातभर लांब आणि वीतभर उंचीवर, तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. त्या संध्याकाळी चित्रण बघताना वॉशची चमक कडेपासून मधोमध सरकत विझताना दिसली. इतकी वर्षं तोंडाने सांगत होते ते आता दाखवता येत होतं. मी ते तीन वेळा पाहिलं.

वरच्या फोनचं दुखणं वेगळं होतं. आमची चाळ जुनी, जमीन लाकडी फळ्यांची. शेजारचं पोर गॅलरीतून धावलं तरी टेबल हलतं. टेबलाला लावलेला लांब दांड्याचा स्टँड तर त्यानंतरही झुलत राहायचा. माळ्याच्या लाकडाला फोन बांधून पाहिला, पण वरच्या मजल्यावरची पावलं त्यात उतरली. शेवटी सुताराकडून भिंतीलाच घडीची फळी बसवून घेतली आणि तिच्यावर पावणेदोन फुटांवर त्याच भिंतीला लोखंडी अँगल. कागद आणि फोन एकाच विटांच्या भिंतीला धरून असल्यामुळे हलले तरी एकत्र हलतात, आणि चित्र स्थिर राहतं. एवढ्या उंचीवरून क्वार्टर शीट, म्हणजे 11 बाय 15 इंचांचा कागद, आणि शेजारचं पॅलेट आरामात मावतं. फोनची मुख्य लेन्सच वापरा. वाइड लेन्समध्ये कागदाच्या सरळ कडा वाकतात.

एक बारीक गोष्ट. फोन पालथा असला की आडवं-उभं त्याला कळत नाही. रोटेशन आधीच लॉक करा आणि कागदाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने बाण काढून दहा सेकंदांची चाचणी घ्या. माझं दोन तासांचं एक चित्रण उलटं झालं होतं.

रिंग लाइट मात्र घेऊ नका. तो चेहऱ्यासाठी असतो. ओल्या रंगात त्याचं गोल कडं जसंच्या तसं उमटतं आणि रंग दिसतच नाही. लोहार चाळीतून, म्हणजे मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, साधा एलईडी पॅनल आणा, पण घेताना सीआरआय विचारा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा. तो 90च्या वर हवा, नाहीतर लाल आणि तपकिरी रंग मेल्यासारखे दिसतात. पॅनलसमोर ट्रेसिंग पेपर लावा. उजव्या हाताने रंगवत असाल तर दिवा डावीकडे ठेवा, म्हणजे हाताची सावली ब्रशच्या टोकावर पडणार नाही. घरातली ट्यूब बंद. खिडकीचा उजेड आणि पिवळट दिवा एकत्र आले की फोन गोंधळतो आणि अल्ट्रामरीन निळा प्रत्येक मिनिटाला वेगळा दिसतो.

म्हणूनच फोनमधला व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) आणि एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) दोन्ही लॉक करायचे. नाहीतर हात चौकटीत आला की कागद उजळतो, गेला की काळवंडतो. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेम टिपायचा वेळ, 1/50 सेकंद ठेवलं की दिव्याची लुकलुक जाते.

आवाजासाठी मी झगडणं सोडलं. कुकरच्या शिट्ट्या, भाजीवाला, भाद्रपदाआधी महिनाभर चालणारी ढोलांची तालीम, हे सगळं इथलंच आहे. मी रंगवताना गप्प असते आणि रात्री अकरानंतर, सगळे झोपल्यावर, गोधडी पांघरून बोलणं वेगळं रेकॉर्ड करते. रंगवताना पंखाही बंद, कारण वाऱ्याने कागद एका बाजूने आधी सुकतो.

पैसे मोजकेच असतील तर आधी फळी आणि अँगल, मग दिवा, आणि दुसऱ्या फोनसाठी घरातल्या कपाटात शोधा. कुणीतरी टाकून दिलेला सापडतोच. स्क्रीनला तडा असला तरी चालेल, फक्त मागची लेन्स स्वच्छ हवी. आमच्याकडे फोडणीची वाफ सगळीकडे बसते, म्हणून सुरू करण्याआधी मी ती जुन्या सुती साडीच्या तुकड्याने पुसते. तो तुकडा अँगललाच बांधून ठेवला आहे.