खिडकीच्या तळाशी लिहिलेली नावं: स्कॉटलंडमधली चर्चं बघताना

एडिनबराच्या काउगेट रस्त्यावर भर दुपारीही सावलीच असते. डोक्यावर जॉर्ज द फोर्थ पुलाची कमान, दोन्ही बाजूंना उंच काळपट दगडी इमारती, आणि त्यांच्यामध्ये अंग चोरून उभं असलेलं मॅग्डलेन चॅपल, म्हणजे एक छोटं प्रार्थनाघर. ते ठरावीक दिवशीच उघडं असतं, म्हणून मी सहलीचे दिवस त्याच्या वेळेनुसार जुळवून घेतले होते. बघायची होती एकच खिडकी.

त्या खिडकीत रंगीत काचेच्या चार गोल चकत्या आहेत. एकीवर स्कॉटलंडचं राजचिन्ह, दुसरीवर राणी मेरीची आई मेरी द गीझ हिचं चिन्ह, आणि बाकीच्या दोन मॅक्वीन आणि रिंड या घराण्यांच्या. मायकेल मॅक्वीन या एडिनबराच्या धनिकाने मरताना या चॅपलसाठी पैसे ठेवले, पण ते पुरेसे नव्हते. त्याची विधवा जॅनेट रिंड हिने स्वतःची भर घालून काम तडीस नेलं. तिचं थडगंही आतच एका कोपऱ्यात आहे. भिंतीवर लोहार आणि इतर धातुकाम करणाऱ्यांच्या संघाने देणगीदारांची नावं फळ्यांवर रंगवून ठेवली आहेत. चॅपलचा कारभार शतकानुशतकं या संघाकडे होता.

1560 मध्ये स्कॉटलंडने पोपशी नातं तोडलं आणि चर्चमधल्या संतांच्या मूर्ती, चित्रं, काचा फोडल्या. त्याआधीची आणि अजूनही मूळ जागी असलेली म्हणावी अशी रंगीत काच देशात इथेच उरली आहे. संतांच्या प्रतिमांवर रोष होता, घराण्यांच्या चिन्हांवर नव्हता. म्हणून देवाची माणसं गेली आणि नवराबायकोच्या घराण्यांची चिन्हं राहिली. त्या चकत्यांसमोर मी बराच वेळ उभा होतो. काचेच्या पाठीला चांदीचा क्षार लावून ती भट्टीत घातली की उमटतो तो सोनेरी पिवळा रंग पावणेपाचशे वर्षांनंतरही तसाच आहे.

तिथून चढण चढून गेलं की ग्रेफ्रायर्स चर्च. बहुतेक लोक इथे बॉबी नावाच्या कुत्र्याच्या पुतळ्यासाठी येतात. मी आत गेलो. 1638 मध्ये राजाने चर्चच्या कारभारात ढवळाढवळ करू नये म्हणून राष्ट्रीय करारावर सह्या झाल्या त्या इथे. इतक्या कडव्या परंपरेच्या चर्चमध्ये 1857 मध्ये रंगीत काच परतली! 1845 च्या आगीत इमारत जळाली होती. ती नव्याने उभी करताना पाद्री रॉबर्ट ली यांनी एडिनबराच्याच जेम्स बॅलंटाइनच्या कारखान्यातून खिडक्या करून घेतल्या. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमध्ये 1560 च्या धर्मसुधारणेनंतर असं पहिल्यांदाच घडत होतं, आणि लींवर त्यांच्या सुधारणांवरून टीकाही पुष्कळ झाली.

पुढच्या पन्नास-साठ वर्षांत गावोगावच्या चर्चमध्ये अशा खिडक्या बसल्या. माझ्या मते या बदलामागे सर्वांत मोठा हात दुःखाचा होता. मूर्तीला विरोध करणारा माणूस आईच्या आठवणीला विरोध कसा करणार? खिडकीच्या तळाशी बहुधा एक ओळ असते: देवाच्या गौरवासाठी आणि अमुक यांच्या स्मरणार्थ. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' कोरलेलं असतं, त्याच जातीची ही ओळ. मी आता चर्चमध्ये शिरलो की आधी तळाकडे बघतो आणि मग वर. कोणी दिली, कोणासाठी, कोणत्या साली, कुठल्या पलटणीचा बिल्ला आहे, हे सगळं तिथे सापडतं. चित्रातला संत तर नंतरही बघता येतो.

ग्लासगोच्या कॅथेड्रलमध्ये मात्र तळाकडे बघून भागत नाही. 1859 ते 1864 या काळात इथे बहुतेक सगळ्या खिडक्या म्यूनिकच्या राजेशाही कारखान्यातून आणून बसवल्या. खर्च सरदार घराण्यांनी आणि शहरातल्या धनिकांनी उचलला. ग्लासगोचा पैसा तंबाखू, साखर आणि कापूस यांच्या व्यापारातून आलेला, आणि त्या मळ्यांवर राबले ते गुलाम. त्यांची नावं कुठल्याही खिडकीत नाहीत. हे लक्षात ठेवूनच या शहरातली स्मारकं बघावीत असं मला वाटतं. काम जर्मनांना दिलं म्हणून स्थानिक कारागीर भडकले होते. शेवटी ती काच टिकलीही नाही. वरून चढवलेला रंग शहराच्या धुरकट, दमट हवेत उतरत गेला आणि विसाव्या शतकात बहुतेक खिडक्या काढाव्या लागल्या. आज पश्चिमेला फ्रान्सिस स्पीअर यांची 1958 ची सृष्टीनिर्मितीची खिडकी आहे, आणि जॉन क्लार्क यांची 1999 ची निळीशार सहस्रक खिडकी मला त्याहूनही आवडली. पण ज्या कुटुंबांनी नाव अमर व्हावं म्हणून पैसे मोजले, त्यांचं नाव शंभर वर्षंही पुरलं नाही याची चुटपुट लागलीच.

काच फुटते, पण कागद उरतो. एडिनबराच्या प्रिन्सेस स्ट्रीटच्या टोकाला जनरल रजिस्टर हाउस आहे. कुळाचा शोध घेणारे लोक जगभरातून तिथे येऊन संगणकाच्या पडद्यासमोर बसतात. 1 जानेवारी 1855 पासून जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद सक्तीची झाली. त्याआधीच्या नोंदी पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, वह्यांत आहेत. त्यांतली सर्वांत जुनी वही एरल गावची, 1553 ची. 1855 या एकाच वर्षीच्या जन्मनोंदीत आईवडिलांचं वय, जन्मगाव, लग्नाची तारीख आणि आधीची मुलं असं सगळं विचारलेलं आहे. एवढं लिहून घेणं झेपेना, म्हणून पुढच्याच वर्षी रकाने कमी केले! पूर्वजाची नोंद त्या साली सापडली तर नशीबच. आणखी एक सोय म्हणजे इथल्या थडग्यांवर विवाहित बाईचं माहेरचं आडनाव कोरायची पद्धत. त्यामुळे आईकडचं घराणं शोधताना धागा तुटत नाही. हे वाचताना मला राहून राहून जॅनेट रिंड आठवत होती.

शेवटचा टप्पा मल बेटावरचं डर्व्हेग गाव. तिथलं 1905 चं किलमोर चर्च पेन्सिलीसारख्या गोल टोकदार मनोऱ्याने लांबूनच ओळखू येतं. ग्लासगोच्या स्टीव्हन ॲडमने केलेल्या एका खिडकीत येशू आणि एक स्त्री हातात हात घालून उभे आहेत, आणि स्त्रीचं पोट पुढे आलेलं वाटतं. ही येशूची शिष्या मेरी मॅग्डलेन, आणि ती गरोदर आहे, असं सांगत पर्यटक तिथे फोटो काढतात. पण तळाची ओळ बायबलमधल्या ल्यूकच्या शुभवर्तमानातली आहे: मेरीने उत्तम वाटा निवडला आहे, तो तिच्याकडून काढून घेतला जाणार नाही. ही गोष्ट दुसऱ्याच मेरीची: बहीण मार्था घरकामात गुंतलेली असताना येशूचं बोलणं ऐकत बसलेल्या मेरीची. खिडकी बसवणाऱ्यांना काय म्हणायचं होतं ते त्यांनी लिहूनच ठेवलं आहे.

जायचा विचार असेल तर लवकर जा. स्कॉटलंडमध्ये उपासक घटत आहेत आणि गावोगावची चर्चं बंद होऊन विक्रीला निघत आहेत. सप्टेंबरमध्ये 'डोअर्स ओपन डेज' असतात, तेव्हा एरवी कुलूप असलेल्या पुष्कळ इमारती फुकट बघता येतात. सकाळी पूर्वेकडच्या खिडक्या बघा, दुपारनंतर पश्चिमेच्या, आणि तळाच्या ओळी वाचायला छोटी दुर्बीण जवळ ठेवा. त्या ओळी टिपून घेतल्यात तर फारच चांगलं. इमारत विकली गेली की पुढे कोणा वारसाला तेवढाच दुवा मिळेल.