मैदानावर आखलेला तराफा

खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत मी चित्रकला शिकवतो. वर्गातील बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. त्यामुळे समुद्राचे दृश्य म्हटले की नारळाची दोन झाडे आणि शिडाची होडी ठरलेली. समुद्राच्या चित्रात देशाचा कारभारही उमटतो हे नववीला दाखवावे, म्हणून त्या सकाळी मी शारीरिक शिक्षणाच्या सरांकडून फक्की घेतली आणि मैदानावर २० मीटर लांब, ७ मीटर रुंद चौकट आखली.

१८१६ मध्ये ‘मेद्यूज’ हे फ्रेंच युद्धजहाज आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ रुतले, तेव्हा होड्यांत जागा न मिळालेली सुमारे १४७ माणसे साधारण एवढ्याच तराफ्यावर चढवली गेली. प्रार्थना संपताच मी तेवढी मुले चौकटीत उभी केली. “सर, जागा पुरते की!” एकजण म्हणाला, आणि ते खरेच होते. मग तराफ्याच्या कडा पाण्याखाली होत्या हे सांगून सर्वांना मधोमध सरकवले, तेव्हा कुठे रेटारेटी सुरू झाली.

वर्गात प्रोजेक्टरवर फ्रेंच चित्रकार जेरिकोने रंगवलेला तोच तराफा दाखवला. प्रेते, क्षितिजावरचे ठिपक्याएवढे जहाज आणि सर्वांत उंचावर कापड हलवणारा कृष्णवर्णीय माणूस. तोही अशा काळात, जेव्हा फ्रेंच व्यापाऱ्यांचा गुलामांचा चोरटा व्यापार चालूच होता. एका मुलीने विचारले, “यात कप्तान कोणता?” कप्तान चित्रात नाहीच. तो होडीतून निघून गेला होता. तराफा ओढणाऱ्या होड्यांनी दोर सोडून दिला आणि तेरा दिवसांनी सुटका झाली तेव्हा पंधराच जण जिवंत होते. वीसहून अधिक वर्षे समुद्रावर न गेलेल्या या कप्तानाला नेपोलियनच्या पाडावानंतर राजनिष्ठेमुळे ही नेमणूक मिळाली होती. “म्हणजे वशिल्याचा तट्टू!” मागच्या बाकावरून उत्तर आले. १८१९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात अनेकांनी हे चित्र राजसत्तेवरचा आरोप म्हणूनच पाहिले, असे मला पुढे वेगळे सांगावे लागले नाही.

त्यानंतर इंग्रज चित्रकार टर्नरचे १८३९ मधील ‘टेमेरेअर’ या जहाजाचे चित्र दाखवले. ज्याचे वडील वास्को बंदरात ट्रक नेतात, तो मुलगा लगेच म्हणाला, “ही टग आहे. मोठ्या जहाजाला धक्क्याला लावायला नेते आहे.” टग, म्हणजे जहाज ओढणारी छोटी बोट, त्याने अचूक ओळखली होती, पण धक्का मोडीचा होता, १८०५ मध्ये ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईत लढलेले ९८ तोफांचे ते जहाज भंगारात निघाले होते.

“मग एवढे नटवून का काढले, सर?”

प्रश्न रास्त होता, कारण प्रत्यक्षात जहाजाच्या डोलकाठ्या आधीच उतरवल्या होत्या. टर्नरने त्या पुन्हा उभ्या केल्या. ज्या आरमाराच्या बळावर इंग्रजांनी जगभर, आणि आपल्याकडेही, सत्ता टिकवली, त्याचे जुने जहाज बोडके दाखवणे त्याला रुचले नसावे, असे मी सांगितले. त्या मुलाला हे फारसे पटले नाही. भंगार ते भंगार, असे त्याचे म्हणणे होते.