सायकली घेऊन आल्प्सला: एकदा विमानाने, एकदा मोटारीने

इंग्लंडमधील रेडिंग येथे राहणारे आम्ही तीन मित्र सलग दोन उन्हाळे आपापल्या माउंटन सायकली घेऊन फ्रान्समधील मोर्झिन या गावी गेलो. २०२४ च्या जुलैत आम्ही विमानाने जिनिव्हाला उतरलो आणि २०२५ च्या जुलैत इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातून मोटारीने गेलो. गाव तेच होते, उतरण्याचे घर तेच होते आणि माणसेही तीच होती; त्यामुळे दोन्ही वर्षांत जो फरक जाणवला तो बहुतांशी प्रवासाच्या साधनामुळेच पडलेला होता. सायकल बरोबर घेऊन जाणाऱ्याला हा निर्णय तिकिटाचे दर पाहून घेता येत नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

मोर्झिन समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीवर आहे. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर पसरलेल्या पोर्त द्यू सोलेय या बारा गावांच्या समूहातील हे एक गाव असून, हिवाळ्यात स्की करणाऱ्यांना वर नेणारे इथले रोपवे उन्हाळ्यात सायकली वर नेतात. शेजारच्या ले जे गावात २००४ आणि २०२२ अशी दोनदा माउंटन सायकलची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तर सीमेपलीकडील शाम्पेरीत ती २०११ मध्ये झाली. दिवसभरात आठ-दहा वेळा उतार उतरायला मिळतो, आणि म्हणूनच इथे वाया गेलेला एक दिवस फार महाग पडतो.

विमानाच्या प्रवासाची खरी तयारी आदल्या दिवशी घरीच सुरू होते. सायकल बॅगेत बसवण्यासाठी दोन्ही चाके, पेडल आणि हँडलबार काढावे लागतात. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे घाईत विसरले की पाना जोराने चुकीच्या दिशेला फिरवला जातो. चाके काढल्यावर ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकची पट्टी अडकवावी, नाहीतर वाटेत ब्रेकचा दांडा दाबला गेल्यास पिस्टन बाहेर येऊन पॅड एकमेकांना चिकटतात. ब्रेकच्या डिस्क चाकांवरून काढून वेगळ्या गुंडाळाव्यात. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग, फ्रेमवरून सोडवून, कापडात गुंडाळून फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधावा.

टायरमधील हवेविषयी मात्र विनाकारण भीती पसरलेली आहे. सामानाच्या कक्षातील हवेचा दाब प्रवाशांच्या कक्षाइतकाच राखलेला असतो. तो जमिनीवरील दाबापेक्षा फार तर चार पीएसआयने (पीएसआय हे दाब मोजण्याचे एकक) कमी होतो, म्हणून पंचवीस पीएसआय भरलेल्या टायरला त्याने काहीही होत नाही. तरीही काउंटरवर हवा काढायला सांगतात, आणि तिथे वाद घालण्यात अर्थ नसतो. ट्यूबलेस टायर असेल तर सगळी हवा काढू नये, कारण टायरची कड रिमवरून सुटली की आतले सीलंट, म्हणजे छिद्रे बुजवणारे द्रव, बॅगभर पसरते. दहा-बारा पीएसआय ठेवले की टायर हाताला मऊ लागतो आणि कर्मचाऱ्याचेही समाधान होते. शॉक आणि फोर्क या धक्के शोषणाऱ्या भागांतील हवेला हात लावण्याची गरज नाही.

वजनाचा हिशेब काट्यावर करावा. माझी सायकल १६ किलोची आणि चाकांची मऊ बॅग ९ किलोची होती, म्हणजे २५ किलो तिथेच झाले. सायकलसाठी काही कंपन्यांची मर्यादा २३ किलो, काहींची ३० किंवा ३२ किलो असते. हेल्मेट, गुडघ्याची पॅड आणि अवजारे त्याच बॅगेत घालायची, तर मर्यादा पाहूनच तिकीट काढावे. सायकलची जागा तिकिटाबरोबरच आरक्षित करावी, कारण एका विमानात किती सायकली घ्यायच्या यावर बंधन असते.

एवढे सगळे करूनही त्या वर्षी जिनिव्हाला आमच्या तीन बॅगांपैकी दोनच आल्या. तिसरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरपोच मिळाली. आलेल्या दोन बॅगांपैकी एका सायकलचा डिरेलर जिथे बसतो तो हँगर वाकलेला निघाला. त्या मॉडेलचा हँगर गावातील दोन दुकानांत नव्हता, तिसऱ्यात दुपारी मिळाला. चौघांनी बसायच्या गाडीतून दोन बॅगा आणि तीन माणसे जिनिव्हाहून सव्वा तासात मोर्झिनला पोहोचली खरी, परंतु पाच दिवसांच्या मुक्कामातील पहिला दिवस सायकलिंगविना गेला. विमानाने जाणाऱ्याने आपल्या फ्रेमचा एक जादा हँगर खिशात किंवा हातातील पिशवीत ठेवावाच, हे मी प्रत्येकाला सांगतो. हेल्मेट आणि बूटही हातातील सामानात न्यावेत, म्हणजे बॅग उशिरा आली तरी भाड्याची सायकल घेऊन दिवस वाचवता येतो. आम्हाला हे त्या दिवशी सुचले नाही, कारण आमची हेल्मेट बॅगांमध्ये होती आणि एक बॅग कुठे आहे हेच कळत नव्हते.

दुसऱ्या वर्षी मोटारीने जायचे ठरले ते या अनुभवामुळे नव्हे. आमच्यापैकी एकाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्याने विजेवर चालणारी माउंटन सायकल घेतली. तिची बॅटरी ६२५ वॅट-तासांची आहे. प्रवासी विमानात १०० वॅट-तासांपर्यंतची लिथियम बॅटरी नेता येते, १०० ते १६० पर्यंतची विमान कंपनीच्या परवानगीने नेता येते आणि त्यापुढची नेताच येत नाही. ती हातातील सामानात चालत नाही, बॅगेतही चालत नाही, आणि जादा पैसे भरूनही चालत नाही. ज्यांच्या गटात अशी एक जरी सायकल आहे, त्यांच्यापुढे मोटार किंवा तिथे पोहोचल्यावर भाड्याची सायकल एवढेच पर्याय उरतात.

सायकली गाडीच्या टपावर न्याव्यात की मागे, या प्रश्नाचे उत्तर मी नि:शंकपणे 'मागे' असे देईन. टपावर उभी सायकल ठेवली की गाडीची उंची अडीच मीटरच्या पुढे जाते. बोगद्यातून गाड्या नेणाऱ्या रेल्वेत १.८५ मीटरपेक्षा उंच गाडीसाठी वेगळ्या प्रकारचे आरक्षण लागते, आणि फ्रान्समध्ये अनेक वाहनतळांच्या तोंडाशी सुमारे दोन मीटर उंचीवर आडवा दांडा असतो. मागच्या रॅकला वाऱ्याचा अडथळा कमी होतो, पण तिथे वजन बारकाईने पाहावे लागते. आमच्या गाडीच्या मागच्या हुकावर ७५ किलोपर्यंतच उभा भार चालतो. १६ किलोच्या दोन सायकली, २४ किलोची विजेची सायकल आणि १९ किलोचा रॅक मिळून बरोबर ७५ होत होते. म्हणून आम्ही चार किलोची बॅटरी काढून गाडीत ठेवली आणि सायकलवरील तिच्या जोडणीच्या टोकांवर प्लास्टिक गुंडाळले. पावसापासून ती टोके वाचली हा दुसरा फायदा झाला. रॅकमुळे गाडीची नंबरप्लेट झाकली जाते, त्यामुळे रॅकवर तिसरी प्लेट आणि चालू दिवे हवेतच. ब्रिटनमधून जाणाऱ्या गाडीवर २८ सप्टेंबर २०२१ पासून 'जीबी'ऐवजी 'यूके' असे अक्षरचिन्ह लागते. पुढच्या दिव्यांचा झोत डावीकडून वळवणाऱ्या चिकटपट्ट्या, चमकणारे जॅकेट आणि धोक्याचा त्रिकोण गाडीत ठेवावा. पुढे इटली किंवा स्पेनमध्ये जायचे असेल तर मागे बाहेर आलेल्या सायकलींवर ५० बाय ५० सेंटीमीटरचा लाल-पांढरा फलकही लावावा लागतो.

आम्ही गुरुवारी दुपारी तीनला निघालो. रेडिंग ते बोगद्याचे ब्रिटनकडचे टोक असलेले फोकस्टन सुमारे १७० किलोमीटर आहे. १९९४ मध्ये सुरू झालेला हा बोगदा ५० किलोमीटरहून थोडा लांब आहे आणि गाडी रेल्वेवर चढवल्यापासून पलीकडे उतरेपर्यंत साधारण पस्तीस मिनिटे लागतात. डोव्हरची बोट स्वस्त पडू शकते, तिला दीड तास लागतो. आमच्यातील एकाला बोट लागते म्हणून आम्ही बोगदा निवडला. फ्रान्सच्या पोलिसांची तपासणी ब्रिटनच्या बाजूलाच होते, त्यामुळे पलीकडे उतरल्यावर थेट महामार्ग लागतो.

भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. विमानाने जिनिव्हाला, म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये, उतरणार असलो तरी मुक्काम मोर्झिनला असेल तर शेंगेन व्हिसा (युरोपातील अनेक देशांत चालणारा सामाईक व्हिसा) फ्रान्सचाच मागायचा असतो, कारण अर्ज मुख्य मुक्कामाच्या देशाकडे करावा लागतो. स्वित्झर्लंडही शेंगेनमध्ये असल्याने सायकलवरून सीमा ओलांडण्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि जुलैसाठी मार्चमध्येच भेटीची वेळ घ्यावी, असा माझा सल्ला आहे. आमच्या पासपोर्टवर शिक्का मारला होता. १२ ऑक्टोबर २०२५ पासून त्या जागी टप्प्याटप्प्याने इलेक्ट्रॉनिक नोंद सुरू झाली आहे, तेव्हा सीमेवर हाताशी जास्त वेळ ठेवावा.

रात्री सव्वादहाला आम्ही रॅन्स शहरात मुक्कामाला पोहोचलो. हॉटेल निवडताना तळमजल्यावरची खोली मिळेल आणि सायकली खोलीत घेऊ देतील, हे दूरध्वनी करून विचारून घेतले होते. रात्रभर रॅकवर सायकली ठेवून झोपणे हा धोका कुणीही पत्करू नये, मग कुलूप कितीही भारी असो. महामार्गावरील थांब्यांवरही आम्ही दोघे आत गेलो की तिसरा गाडीजवळ थांबत असे.

दुसऱ्या दिवशी त्र्वा, लांग्र, दिजाँ आणि बूर्ग-आं-ब्रेस यांवरून क्लूझपर्यंत महामार्गाने आणि पुढे तानांज, ले जे यांच्या घाटाने मोर्झिनला गेलो. बोगद्याच्या फ्रान्सकडच्या टोकापासून, म्हणजे कॅलेपासून, मोर्झिनपर्यंतचे अंतर पावणेनऊशे किलोमीटरच्या आसपास आहे. हा मार्ग स्वित्झर्लंडमध्ये शिरत नाही, म्हणून तिथला ४० फ्रँकचा वार्षिक रस्ताकर टळतो. वेगमर्यादा कोरड्या रस्त्यावर १३० आणि पावसात ११० आहे. भारतात आणि ब्रिटनमध्ये डावीकडून चालवण्याची सवय असलेल्याला महामार्गावर काही वाटत नाही; चूक होते ती पेट्रोल भरून रिकाम्या रस्त्यावर परत येताना, म्हणून त्या वेळी शेजारी बसलेल्याने मोठ्याने 'उजवीकडे' म्हणायचे असे आम्ही ठरवून घेतले होते. टोलची खिडकी डावीकडे असल्याने पैसेही त्यालाच द्यावे लागतात. गाडी महामार्गावर बंद पडली तर आपली विमा कंपनी तिथे वाहन पाठवू शकत नाही. रस्त्याकडेच्या नारिंगी फोनवरून त्या मार्गाच्या अधिकृत सेवेलाच बोलवावे लागते आणि पावती जपून ठेवावी लागते. जुलै-ऑगस्टमधले शनिवार या रस्त्यांवर अतिशय गर्दीचे असतात. आम्ही गुरुवारी निघालो ते त्यासाठीच.

खर्चाचे आकडे असे आले. बोगद्याचे जाण्या-येण्याचे २५० पौंड, दोन्ही बाजूंचा टोल सुमारे १५० युरो आणि सुमारे १६० लिटर पेट्रोल धरून एकूण ६२० पौंड झाले. त्यात रॅन्सच्या खोलीचे भाडे नाही. ते धरूनही माणशी अडीचशेच्या आत भागले. आदल्या वर्षी तिकीट, सायकलचे शुल्क आणि जिनिव्हाहून येण्या-जाण्याची गाडी मिळून माणशी ३१० पौंड गेले होते. दोघेच असते तर दोन्ही खर्च जवळपास सारखे झाले असते आणि एकट्याला मोटार कधीच परवडली नसती.

तथापि मोटारीने मला जे दिले ते पैशांत सांगता येणार नाही. शनिवारी सकाळी रोपवे सुरू झाला तेव्हा आम्ही तिघेही रांगेत होतो, आणि सायकली घरून निघाल्या तशाच होत्या. मंगळवारी दिवसभर पाऊस पडला. मोर्झिनच्या प्लेने या डोंगराच्या उतारावरील ओल्या चिखलात माझे मागचे ब्रेक पॅड एका दिवसात धातूपर्यंत झिजले, पण गाडीत पॅडचे चार जोड, दोन टायर, सीलंट, उभा पंप आणि दुरुस्तीचा स्टँड होता. विमानाने येताना यातले निम्मेही आणता आले नसते. कोरडे बूट आणि कपड्यांचा दुसरा संच ही तिथे चैन नसते.

मोटारीची खरी किंमत परतीच्या वाटेवर मोजावी लागते. सहा दिवस उतारांवर हात आणि पाठ शिणल्यानंतर हजार किलोमीटर गाडी चालवणे धोक्याचे असते. आम्ही शेवटच्या दिवशी दुपारी बारालाच सायकली धुऊन ठेवल्या, दर दोन तासांनी चालक बदलला आणि परतीतही वाटेत मुक्काम केला. ज्या गटात एकच चालक आहे त्याने विमानच घ्यावे, सायकली कितीही असोत.

पुण्याहून माझा मावसभाऊ दुसऱ्या वर्षी चार दिवसांसाठी येऊन गेला. त्याने सायकल आणली नाही, मोर्झिनमध्ये भाड्याने घेतली, आणि चार दिवसांसाठी तेच योग्य होते. स्वतःचे पेडल, हेल्मेट आणि बूट मात्र त्याने बरोबर आणले होते. भारतातून महागडी सायकल आणायचीच असेल, तर निघताना विमानतळावर सीमाशुल्क विभागाकडून तिचे निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतल्यावर त्याच सायकलीवर शुल्क मागितले जात नाही.

विम्याच्या कागदात सायकल पार्कमधील उतारांचा उल्लेख आहे का, हे दोन्ही प्रकारच्या प्रवाशांनी वाचावे. ब्रिटनच्या आरोग्य कार्डात डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च येत नाही. सीमेपलीकडे शाम्पेरीला जाताना पासपोर्ट पाठीवरच्या पिशवीत असावा आणि फोनचे रोमिंग पाहून घ्यावे, कारण स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसल्याने अनेक योजनांत तिथले दर वेगळे असतात. आणि गाडीत जागा आहे म्हणून तिथले रेब्लोशों चीज घरी आणण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. १२ एप्रिल २०२५ पासून युरोपीय संघातून दूध आणि मांसाचे पदार्थ वैयक्तिक वापरासाठीही ब्रिटनमध्ये आणता येत नाहीत. आम्ही ते शेवटच्या संध्याकाळी बटाट्यांवर वितळवून तिथेच खाल्ले.