विनू मांकड मार्गावर

आज संध्याकाळी चर्चगेटहून वानखेडेकडे जाताना 'विनू मांकड मार्ग' या पाटीपाशी पाय थबकले. १९५२ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत लॉर्ड्सवर सलामीला येऊन ७२ धावा, मग ७३ षटके डावखुरी फिरकी टाकून ५ बळी आणि लगेच पुन्हा सलामीला उतरून १८४ धावा, अशी कामगिरी करणारे मांकड तेव्हा ३५ वर्षांचे होते. भारत हरला, तरी तो सामना मांकडांचाच म्हणून ओळखला जातो. कसोटीत पहिल्यापासून अकराव्यापर्यंत प्रत्येक क्रमांकावर खेळलेल्या या खेळाडूचे नाव अनेकांना केवळ 'मांकडिंग' या धावबादाच्या प्रकारावरून (चेंडू टाकला जाण्याआधीच क्रीज सोडणाऱ्या समोरच्या टोकाच्या फलंदाजाला गोलंदाजाने बाद करणे) ठाऊक असावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. पाटीखालून पाठीवर किट घेतलेली दोन मुले स्टेशनकडे चालली होती. त्यांना थांबवून हे सारे सांगावेसे वाटले.