आजकाल आणि जे-के

व्हिम वापरणाऱ्याच्या डाव्या करंगळीला विचारा, एस्केप किती लांब असतो ते. व्हिम म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर लिहायचा प्रोग्राम. त्यात त्याच कळा कधी अक्षरं उमटवतात, कधी आज्ञा देतात, आणि लिहिण्यातून आज्ञेकडे जायला एस्केपची कळ लागते. लिहिणं थांबवून आज्ञा द्यायची म्हटलं की दर वेळी त्या कोपऱ्यापर्यंत वारी. मुळात हे अंतर नव्हतंच. १९७६च्या सुमारास बिल जॉयनं व्हिमचा पूर्वज व्हीआय लिहिला तो एडीएम-३ए टर्मिनलवर, म्हणजे त्या काळच्या पडदा-कळफलकाच्या संचावर. त्याच्यावर एस्केप आजच्या टॅबच्या जागी होता आणि एच-जे-के-एल या कळांवर चक्क बाण छापलेले होते.

यावरचा रामबाण म्हणजे जे आणि के लागोपाठ दाबले की एस्केप. व्हिमच्या सेटिंगमध्ये एक ओळ टाकली की झालं. इंग्रजीत ही अक्षरं सहसा शेजारी येत नाहीत.

मराठीत येतात! मी टिपणं इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत लिहितो. कारण मराठी कळफलक चालू राहिला की जे दाबल्यावर 'र' जातो, आणि 'र' म्हणजे 'खाली जा' हे व्हिमच्या गावीही नसतं. तर डिसेंबरात, गंगापूर रोडच्या घरी, कानटोपी घालून लिहायला बसलो : 'आजकाल निफाडला कडाक्याची थंडी.' 'आ' उमटला, जे-के एस्केपनं गिळले, पुढचा ए 'इथून पुढे लिही' ही आज्ञा ठरला आणि पडद्यावर उरलं 'आल निफाडला'. वाटलं, गारठ्यानं बोटं चुकली. पुन्हा लिहिलं, पुन्हा आल. (चहा ठेवायची आठवण झाली, एवढाच फायदा.) पुढच्या ओळीत राजकारणाचं 'रारण' झालं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

जे दाबून सेकंदभर थांबलं तर व्हिम दोन्ही अक्षरं निमूट लिहितो. पण राजकारणात एवढा धीर कोण धरणार? जे-जे करून पाहिलं, तर 'लज्जा' आडवी आली. के-के तर 'नक्की' आणि 'पक्का' यांनीच बाद केलं. शेवटी कॅप्स लॉकचाच एस्केप केला. तसंही ते बटण इतकी वर्षं मोक्याची जागा अडवून बसलं होतं.

परवा आईला कसलासा फॉर्म भरायचा होता. पॅन नंबरासाठी तिनं कॅप्स लॉक दाबलं, उघडलेली चौकट मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली.

"अरे, तुझ्या लॅपटॉपला मोठी अक्षरं चालत नाहीत का?"

मी शिफ्ट दाखवली. तिनं ती डाव्या हातानं घट्ट धरली आणि नंबर पुरा होईपर्यंत सोडली नाही. पहिली पाच अक्षरं झकास उमटली.

"आता हा डॉलर कुठून आला रे?"