तुम्ही विचारलंत म्हणून: तो भोवरा खरा असतो का?

पवनचक्कीच्या मागच्या वाऱ्याची चित्रं मी संगणकावर काढते हे कळलं की प्रश्न येतोच: "ते रंगीत भोवरे खरे असतात, की तुम्ही रंगवता?" दादरच्या घरी आलेले पाहुणे विचारतात, ऑफिसात नवीन लागलेली मुलं विचारतात. आजवर "खरे असतात" म्हणून विषय संपवत आले. आता नीट सांगते.

भोवरे खरेच असतात. पात्याच्या एका अंगाला दाब जास्त, दुसऱ्या अंगाला कमी. टोकाशी हवा वळसा घालून कमी दाबाकडे जाते आणि तिची गुंडाळी होते. पातं फिरत राहतं, गुंडाळी वाऱ्याबरोबर मागे वाहते. तीन पाती, म्हणून एकमेकांत गुंफलेले तीन मळसूत्री वेढे. हवा त्या मळसूत्रावरून धावते असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. मळसूत्र हा टोकांचा वाहत गेलेला माग आहे, हवा त्या रेषेभोवती गिरक्या घेते. शिवाय मागचा अख्खा पट्टा पात्यांच्या उलट दिशेने सावकाश फिरतो, कारण वारा पात्याला एकीकडे ढकलतो तेव्हा पातं वाऱ्याला दुसरीकडे ढकलतं.

खरी नसते ती भोवऱ्याची कड. तो गुळगुळीत पृष्ठभाग हवेत कुठेच नसतो. हवा फिरते किती आणि ताणली जाते किती, याची तुलना करणारा क्यू नावाचा निकष 1988 पासून वापरात आहे. त्याचा आकडा जिथे जिथे मी धरलेल्या मर्यादेइतका येतो, त्या जागा जोडल्या की पृष्ठभाग तयार. हिंदमाताला पाणी तुंबल्याचा नकाशा घोट्याएवढ्या पाण्यावर काढा की गुडघ्याएवढ्या, पाणी तेच असतं, नकाशे मात्र दोन होतात.

गोरेगावातल्या एका मीटिंगमध्ये हेच समजावताना माझी पुरती कोंडी झाली. पडद्यावर माझं चित्र होतं, भोवरे रोटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांच्या चक्राच्या, चार व्यासांपर्यंत. समोरचे साहेब म्हणाले, "इथे संपलं ना? मग पुढची चक्की पाचव्या व्यासावर." मी म्हटलं, सर, संपलं नाही, दिसेनासं झालंय. पॅराव्ह्यू या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मर्यादा खाली आणली, वेढे लांबले. आणखी खाली आणली. सगळा पडदा गुठळ्यांनी भरला. खोलीत कुणीतरी हसलं. साहेब शांतपणे म्हणाले, "म्हणजे मॅडम, तुम्ही ठरवाल तेवढा भोवरा?"

मी वेगाचा उभा छेद उघडला. पाचव्या व्यासावर वारा अजून स्पष्टपणे मंद होता. वाऱ्यातून दर सेकंदाला येणारी ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग 10 टक्के घटला तर ऊर्जा सुमारे 27 टक्के जाते. डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह या समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या प्रकल्पाचा 12 फेब्रुवारी 2008 चा फोटोही दाखवला: धुक्यामुळे चक्क्यांमागचे पट्टे उमटलेत, एका रांगेतून पुढच्या रांगेपर्यंत. कोरीव मळसूत्र त्यात नाही, पट्टा मात्र पोचतो. साहेबांनी ऐकून घेतलं. अहवालात मात्र पहिलंच चित्र गेलं, "देखणं आहे" म्हणून. त्या रात्री घरी येईपर्यंत मी कुणाशी बोलले नाही. माझ्या कामाला खोटं म्हटलं गेलं होतं, आणि ते खोडून काढणारं एकच सरळ वाक्य माझ्याकडे नव्हतं. आजही नाही.

नोकरीला लागले तेव्हाची मी म्हणाली असती, चित्रं देऊच नका, आलेख द्या. तिचं म्हणणं मला अर्धंच पटतं. संगणकावरच्या गणिताच्या एका रनमध्ये तिन्ही वेढे एकाच सरळ रेषेत तुटलेले दिसले. वारा इतका शिस्तीत तुटत नाही. तिथून पुढे मेशचे, म्हणजे गणितासाठी हवेवर आखलेल्या जाळीचे, चौकोन मोठे झाले होते आणि बारीक भोवरे त्यात विरघळले होते. वीजनिर्मितीच्या आलेखात याचा मागमूस नव्हता, चित्राने पाहताक्षणी सांगितलं. मग चित्र कसं सोडू? क्यूऐवजी लॅम्डा-टू हा भोवरा ओळखायचा दुसरा निकष वापरा, असंही सुचवतात. वापरते. व्यवहारात तिथेही मर्यादा कुणाला तरी धरावीच लागते.

हल्ली धरलेली मर्यादा मी चित्राच्या कोपऱ्यातच लिहिते आणि वेगाचा छेद शेजारी चिकटवते. पुढे पाठवताना लोक तो छेद कापतात, हे मी पाहिलं आहे. सगळे पर्याय नाकारून चित्रच द्यायचं बंद करावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.